शालेय ग्रंथपालांनी एकत्र यावे ते कशासाठी?

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी असूनही शिष्यवृत्तीचे अर्ज, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि रजेवरील शिक्षकांचे तास यांतच माझा दिवस सरतो. तालुक्यात आम्ही सातआठ ग्रंथपाल आहोत. संघटना काढावी असे मनात आहे, पण इतक्या थोड्यांचे कोण ऐकणार, असे सहकारी म्हणतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सहकारी म्हणतात ती अडचण खरी आहे आणि तिचे मूळ पदाच्या रचनेतच आहे. एका शाळेत शिक्षक वीस-पंचवीस असतात, ग्रंथपाल असलाच तर एकटा असतो. आपल्या राज्यात हे पद पटसंख्येला बांधले गेले; ढोबळमानाने पाचशेच्या वर पट असेल तर अर्धवेळ आणि हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ, असा जुना निकष होता. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय प्रत्येक शाळेत असावे असे म्हटले आहे. मात्र त्याच अनुसूचीत कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद असताना ग्रंथपालाचा उल्लेखही नाही. वास्तविक १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेच, म्हणजे माध्यमिक शिक्षण आयोगाने, शालेय ग्रंथालये एखाद्या कारकुनाच्या किंवा अनिच्छेने काम करणाऱ्या शिक्षकाच्या हाती असतात अशी खंत नोंदवून प्रशिक्षित ग्रंथपालाची आणि त्याला ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचे स्थान देण्याची शिफारस केली होती. आपले निवेदन लिहाल तेव्हा हा आधार अवश्य घ्या.

तरीही पहिल्या बैठकीत मागण्यांची यादी करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येकाने आपापली दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद) आणि देवघेव नोंदवही घेऊन यावे व कामाबद्दल बोलावे. मी नोकरीला लागले तेव्हा कित्येक वर्षे आमच्या शाळेतील कपाटे बहुधा बंदच असत, कारण नोंदवहीतील पुस्तक हरवले तर किंमत माझ्या पगारातून वसूल होईल अशी धास्ती मला होती. शेजारच्या गावातील एका ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंनी मला निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वा हरवलेली पुस्तके नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव कसा करायचा ते दाखवले. फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक, किंमत व कारण यांचा तक्ता त्यांनी माझ्याकडून आखून घेतला. तो शाळा समितीपुढे गेला, ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी मी पाचवीच्या मुलांना कपाटाशी उभे राहून पुस्तक निवडू दिले. हे कोणत्याही परिपत्रकाने मला शिकवले नव्हते. एकट्या पडलेल्या माणसाला विचारायला कोणी असणे, हेच आपल्या मंडळाचे पहिले काम आहे.

त्यानंतर सर्वांनी मिळून एकच नमुना ठरवावा आणि महिनाभर भरावा. कोणत्या इयत्तेला किती पुस्तके दिली, ग्रंथालयाची तासिका किती वेळा झाली आणि किती तास इतर कामांत गेले, एवढे तीन रकाने पुरेत. आठ शाळांचे असे तक्ते शेजारीशेजारी ठेवले म्हणजे एका व्यक्तीचे गाऱ्हाणे उरत नाही, तालुक्याची स्थिती समोर येते. तो कागद आधी तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाकडे न्यावा आणि त्यांच्या पाठिंब्यासह शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना द्यावा. पहिली मागणी एकच असू द्या : प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक ग्रंथालय तासिका असावी आणि त्या वेळी ग्रंथपालाला अन्य काम देऊ नये. या मागणीला पैसा लागत नाही, आणि पालक-शिक्षक संघातील पालकही तिच्यासाठी बोलतील. वेतनाचा आणि पूर्णवेळ पदाचा प्रश्न मोठा आहे, न्याय्यही आहे, पण तो तालुक्यात सुटणारा नाही. त्यासाठी जिल्ह्यातील व राज्यातील संघटनांशी जोडून घ्यावे लागेल.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात, तेवढे आपण आहातच. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी सर्वांचे लक्ष ग्रंथालयाकडे असते, म्हणून सप्टेंबरचे तक्ते भरून निवेदन त्याआधीच्या आठवड्यात द्यावे. आणि पहिल्या बैठकीला निवृत्त ग्रंथपालांनाही बोलवा. जुने शासन निर्णय त्यांच्याकडे फाइलीत नीट लावून ठेवलेले सापडतात.