बिलावरची कॅटेगरी आधी वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही मुंबईहून इंदूरला आलात, विजयनगरला भाड्याचा फ्लॅट घेतलात. मागच्या महिन्यात 146 युनिटचं बिल पाचशेच्या घरात आलं आणि या महिन्यात 163 युनिटला एकदम तेराशेच्या जवळ. तेव्हा इथे कोणता प्लॅन घ्यावा आणि कंपनी बदलता येते का, असं तुम्ही विचारलंय.

कंपनी बदलता येत नाही. मुंबईच्या काही भागांत टाटा की अदानी ते आपण ठरवू शकतो, इथे घरगुती ग्राहकाला तशी सोय नाही. तुमचा 'प्लॅन' दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे बिलावर छापलेली कॅटेगरी, दुसरी म्हणजे रोजची सरासरी खपत, म्हणजे विजेचा वापर. रोज 5 युनिट, म्हणजे 30 दिवसांत 150, एवढ्यात राहिलात तर पहिल्या 100 युनिटचे 100 रुपये. ही अटल गृहज्योती योजना, आधी तिला इंदिरा गृहज्योती म्हणत. 150 ओलांडलेत की त्या महिन्याची सगळी सबसिडी जाते, फक्त वरच्या 13 युनिटची नाही. शिवाय 150 च्या पुढे फिक्स चार्जसुद्धा खपतीवर मोजतात, दर 15 युनिटला 0.1 किलोवॅट. 163 ला असे 11 टप्पे झाले. तुमचे वाढलेले आठशे रुपये इथून आलेत. मीटर फास्ट आहे असा संशय घेऊन टेस्टिंगचे पैसे भरू नका.

आता जे मला सगळ्यात महाग पडलं ते सांगते.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात पुढच्या खोलीत अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, स्टेशनरीचं दुकान होतं. त्यासाठी घराचं मीटर त्यांनी गैरघरेलू, म्हणजे दुकानाच्या कॅटेगरीचं, करून घेतलं होतं, आणि ते योग्यच होतं. 2016 मध्ये अप्पा गेले, शटर खाली आलं. मीटर मात्र तसंच राहिलं. बिल दर महिन्याला येत होतं, आम्ही रक्कम बघायचो आणि भरायचो. शेजारच्या काकूंचं बिल चारशे आणि आमचं तेराशे, दोन्ही घरांत माणसं सारखीच. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जुनी वायरिंग आहे, कुठेतरी लीक होतंय. अठरा हजार घालून वायरिंग बदलली. मुलाला अभ्यासाच्या खोलीतला पंखा बंद कर म्हणून किती वेळा बोलले असेन, त्याचं मला आजही वाईट वाटतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरी होतो तेव्हा काकूंचं आणि आमचं बिल शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचली. त्यांच्यावर एलव्ही-1 म्हणजे घरगुती होतं, आमच्यावर एलव्ही-2 म्हणजे गैरघरेलू. सबसिडी घरगुती कॅटेगरीलाच मिळते, आमच्या वाट्याला ती आलीच नव्हती.

त्या जुलैत अर्ज घेऊन गेले. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "शिक्क्याचं पॅड सुकलंय, अर्ज ठेवून जा, काम होऊन जाईल." त्यांनी तो स्टीलच्या ग्लासाखाली ठेवला आणि मी परत आले. आवक क्रमांक नाही, झेरॉक्सवर सही नाही. ही माझी चूक, आणि हीच सगळ्यात मोठी. दोन महिन्यांनी गेले तर टेबलावर दुसरे साहेब होते. ते म्हणाले, असा अर्ज आलेलाच नाही. पुन्हा अर्ज दिला, तर म्हणे आधी नामांतर करा, मीटर मयताच्या नावावर आहे. नामांतराला वारसांची संमतिपत्रं लागली, एक दीर पुण्याला, एक नागपूरला. ते झाल्यावर जागेची पाहणी बाकी, पाहणीवाले आले त्या दिवशी आम्ही लग्नाला देवासला. सप्टेंबर 2021 मध्ये कॅटेगरी बदलली. मागचे पैसे मागितले तर उत्तर मिळालं की नोंद असलेल्या अर्जाच्या आधीचं काही धरता येत नाही. महिन्याला साडेआठशे जादा, चौदा महिन्यांचे बारा हजाराच्या आसपास. त्याआधीच्या वर्षांचं तर मी कधी गणितच मांडलं नाही.

म्हणून कळकळीने सांगते, शिक्का मिळाल्याशिवाय कागद हातातून सोडू नका. पॅड सुकलं असेल तर पेनाने तारीख, सही आणि नाव लिहून घ्या. त्यालाही नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. वीज तक्रारींच्या 1912 या फोन नंबरवर तक्रार केलीत तर तक्रार क्रमांक बिलावरच लिहून ठेवा. तरीही हललं नाही तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 42 प्रमाणे ग्राहकांसाठी शिकायत निवारण फोरम असतो, त्याच्या वर विद्युत लोकपाल. तिथे आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. मला हे माहीत असतं तर मी दुसऱ्याच महिन्यात गेले असते.

एक इशाराही देते. आमचं उलटं होतं, म्हणून आमचे फक्त पैसे गेले. घरगुती मीटरवर पार्लर किंवा दुकान चालवलंत आणि तपासणी झाली, तर कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि किती दिवस चाललं ते ठरवता आलं नाही तर 12 महिन्यांची. कुणी सांगेल की एकाच घरात बायकोच्या नावाने दुसरं मीटर घ्या, दोन्हीकडे सबसिडी मिळेल. असल्या नादी लागू नका.

तुमच्या 163 चं म्हणाल तर ते सहज खाली येईल. जुना पंखा 75 वॅटचा असतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला 12 तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. तुमचा प्रश्न एका पंख्यात सुटण्यासारखा आहे. आता थंडीत 2 किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, तेवढं लक्षात ठेवा. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या खपतीवर 20 टक्के सूट आहे, तेव्हा वॉशिंग मशीन, इस्त्री आणि बोअरचा पंप दिवसाच उरकायचे. स्मार्ट मीटरवरून बरीच भांडणं चालू आहेत, त्यात मी पडत नाही. माझ्या घरी तरी ते लागल्यापासून अंदाजे रीडिंग बंद झालं.

सोलरबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, आणि महिन्याला तीन-चारशे युनिट जाळणाऱ्या घराला ते फायद्याचंच. तुमच्यासारखं दीडशेच्या आतबाहेर असलेल्या घराने, तेही भाड्याच्या, त्यात पैसे अडकवू नयेत.

मी वीज खात्यातली नाही, दरही दरवर्षी नव्या आदेशाने बदलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे स्वतःच्या बिलावरूनच पडताळा. आणि एक बघून सांगा, या दोन बिलांमध्ये रीडिंगच्या तारखा काय आहेत? 163 युनिट 33 दिवसांचे असतील तर रोजची सरासरी 5 च्या आतच बसते आणि सबसिडी मिळायला हवी होती. तसं असेल तर उद्याच अर्ज द्या, आवक क्रमांक घेऊन.