नाम तोंडात, डोकं ऑफिसात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी रोज डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला जाते, सीट मिळाली की बोटातला तो छोटा काउंटर काढून जप सुरू करते. पण आकडा पुढे सरकतो आणि डोक्यात मात्र बॉसचा मेल, मुलाची फी, संध्याकाळची भाजी हेच चालू असतं. पुस्तकात वाचते की देवाचं अखंड अनुसंधान हवं, एक क्षणही विसर नको. नोकरी करणाऱ्या माणसाला हे शक्य तरी आहे का? की मी नुसतीच बटण दाबतेय?

उत्तर: ताई, शेवटच्या वाक्याचं आधी सांगतो, नुसती बटण दाबत असतात तर हा प्रश्न पडलाच नसता.

आता अखंड अनुसंधान. आपल्याला वाटतं की अनुसंधान म्हणजे डोळे मिटून, डोक्यात दुसरा विचारच येऊ न देता बसणं, आणि मग ते जमत नाही म्हणून आपण स्वतःलाच नापास करून टाकतो. पण हे संत बघा ना कोण होते, सावता महाराज मळ्यात राबायचे, गोरोबा मडकी घडवायचे, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची. रिकामा वेळ होता कुणाला? गीतेच्या आठव्या अध्यायात तर कृष्ण अर्जुनाला सरळ म्हणतो, 'मामनुस्मर युध्य च', माझं स्मरण ठेव आणि लढ. लढाई संपल्यावर निवांत स्मरण कर असं नाही म्हणत.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात नेमकं उत्तर मला विचाराल तर नामदेवांनी दिलंय, आणि गंमत म्हणजे ते आपल्या गाथेपेक्षा पंजाबात जास्त ऐकायला मिळतं. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यातलं एक रामकली रागातलं आहे. त्यात ते त्रिलोचन नावाच्या भक्ताला सांगतात की पोरगा कागदाचा पतंग करून आकाशात उडवतो, चार जणांशी गप्पा पण मारतो, पण चित्त दोरीवर असतं. पोरी पाण्याने भरलेल्या घागरी घेऊन हसत खिदळत चालतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरायला गेलेली असते, चित्त वासरावर. आणि शेवटी आई, बाळाला पाळण्यात झोपवून आतबाहेर कामं करते, चित्त मात्र बाळापाशी.

यात एकजण तरी हातातलं काम सोडून बसलाय का? नाही. आणि ती आई कामं करताना 'बाळ बाळ' असा विचार पण करत नसते हो, तिचं लक्ष भांड्यातच असतं, पण पाळण्यातून जरा आवाज आला की सगळ्यात आधी तिलाच ऐकू येतो. अनुसंधान म्हणतात ते हे. वरवरचे विचार बदलत राहतात, ते बदलणारच, खाली ओढ कुठे आहे तो प्रश्न.

त्याच ग्रंथात कबीरांच्या श्लोकांमध्ये या दोघांचा अजून एक संवाद आहे. त्रिलोचन टोमणा मारतो की नाम्या, मायेला भुललास, कापड छापत काय बसलायस, रामाकडे चित्त लाव की. नामदेव म्हणतात, तोंडाने राम म्हण, हातपायांना सगळं काम करू दे, चित्त निरंजनापाशी, म्हणजे देवापाशी ठेव. (आपण त्यांना शिंपी म्हणतो, तिकडे ते छीपा, म्हणजे कापड छापणारे. असो.)

आणि विसर पडतो त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. नारद भक्तिसूत्रात भक्तीची खूण सांगताना दोन गोष्टी येतात, सगळा आचार देवाला अर्पण आणि त्याचा विसर पडला तर परम व्याकुळता. म्हणजे विसर पडू शकतो हे नारदांनी धरलेलंच आहे, त्यांनी बघितलं ते विसरल्यावर तुम्हाला कसं वाटतं. दिवा ते घाटकोपर भाजीचा विचार झाला आणि मग एकदम चुटपूट लागली, तर ती चुटपूट पण जपातच धरा असं मी म्हणेन. तुकोबा सुद्धा 'तुझा विसर न व्हावा' हे दान म्हणून मागतात, मी करून दाखवतो असं म्हणत नाहीत.

प्रश्न: (याच ताईंचा) मग काउंटर ठेवू की नको?

उत्तर: ठेवा की. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला तेरा अक्षरी राममंत्राचा 13 कोटी जप केला असं परंपरा सांगते, म्हणजे मोजायला आपल्याकडे कुणाची ना नाही. संख्या ठरलेली असली की आळस येत नाही, एवढा तिचा उपयोग. पण रात्री आकडा बघून आज आपण किती पुण्य कमावलं असं वाटायला लागलं तर हरिपाठाचा पहिलाच अभंग काढा, 'पुण्याची गणना कोण करी' असं माऊली विचारतात. आणि 'देवाचिये द्वारी' उभं राहायला सांगतात ते किती वेळ, तर क्षणभरी.

प्रश्न: नाम घेताना मला काहीच जाणवत नाही, अंगावर काटा नाही, डोळ्यात पाणी नाही. माझं काही चुकतंय का? (सोलापूरचे एक काका)

उत्तर: काका, काटा येणं हा निकष कुणी लावला तुम्हाला? काहींना येतो, चांगलं आहे, पण तो चांगल्या सनईने पण येतो. तुकोबांच्या गाथेत देवाशी भांडण असलेले कितीतरी अभंग आहेत, भेट देत नाहीस म्हणून तक्रार, रुसवा, सगळं आहे. म्हणजे कोरडे दिवस त्यांनाही होते आणि त्या दिवसांतही ते बोलत विठ्ठलाशीच होते. तुम्ही पण तसंच सरळ सांगा त्याला, काही जाणवत नाही म्हणून, मला कशाला पत्र लिहिता.