रबर लावलं, तरी फोन थरथरतोच!

वाचकांचे प्रश्न : गाडीवरचे आणि यंत्रांवरचे मोबाइल डॉक

प्रश्न : माझी ३५० सीसीची सिंगल सिलिंडर मोटरसायकल आहे. डिलिव्हरीच्या कामामुळे फोन दिवसभर हँडलवर असतो. फोटो अस्पष्ट यायला लागले म्हणून क्लॅम्पखाली ३ मिमी जाड रबराचा तुकडा घातला. पण ठरावीक वेगाला थरथर उलट वाढली. असं का? (वाचक, हडपसर)

उत्तर : आधी कॅमेऱ्याचं. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असलेल्या फोनमध्ये भिंग किंवा सेन्सर अधांतरी हलू शकेल असा बसवलेला असतो. सततच्या कंपनाने त्या नाजूक यंत्रणेचं काम बिघडतं. मोठ्या मोटरसायकल इंजिनांच्या कंपनाबद्दल ॲपलने २०२१मध्ये आयफोनधारकांना तसा इशाराच दिला होता. तेव्हा तुमचा संशय रास्त आहे.

आता रबराचं. रबर घातलं की कंपन कमी होतं, हा समज चुकीचा आहे. रबर आणि त्यावरचं वजन मिळून एक स्प्रिंग होते आणि तिची स्वतःची एक वारंवारिता (सेकंदाला किती वेळा डोलते तो आकडा, हर्ट्झमध्ये) असते. तिच्या सुमारे १.४ पटीच्या वर कंपन कमी होतं. त्याच्या खाली ते वाढतं आणि बरोबर त्या वारंवारितेवर सगळ्यात जास्त वाढतं. फोन, कव्हर आणि फोन धरणारा वरचा पाळणा मिळून ३०० ग्रॅम धरा. २० बाय २० मिमीचा, ३ मिमी जाड साधा रबर इतक्या वजनाला फारच कडक पडतो. ढोबळ हिशोबाने वारंवारिता १३० हर्ट्झच्या आसपास जाते. सिंगल सिलिंडर इंजिन दर फेऱ्याला एक मोठा झटका देतं आणि त्याच्या दुप्पट वारंवारितेचा एक लहान झटकाही देतं. म्हणजे ३९०० आरपीएमला हा लहान झटका नेमका १३० हर्ट्झचा होतो. तुमचा ‘ठरावीक वेग’ बहुधा तोच.

हवी १५ हर्ट्झच्या आसपासची वारंवारिता. तपासायला सोपं आहे : फोन ठेवल्यावर पाळण्याखालचे बुश (मधे भोक असलेले रबराचे ठोकळे) सुमारे १.१ मिमी दबायला हवेत. चार बुश वापरणार असाल तर प्रत्येक बुश साधारण ७० ग्रॅम वजनाला १ मिमी दबला पाहिजे. घरातला वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन हे मोजता येतं. नाना पेठेत मिळणारे गाडीचे बुश यासाठी कामाचे नाहीत, ते कितीतरी वजनदार भागांसाठी असतात. पातळ भिंतीचे सिलिकॉनचे ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या मऊ कड्या) शोधा. तेही कडक वाटले तर पाळण्याखाली १५० ग्रॅमची लोखंडी पट्टी बसवा. वजन वाढलं की वारंवारिता उतरते. मात्र क्लॅम्पच्या हँडलवरच्या पकडीला ते वजन पेललं पाहिजे.

३००० आरपीएमला, म्हणजे ५० हर्ट्झला, कंपन हिशोबाने दहाव्या हिश्श्यावर येतं. प्रत्यक्षात रबराच्या अंगच्या अवमंदनामुळे (कंपन जिरवण्याच्या गुणामुळे) त्याहून जरा जास्त उरतं. सिग्नलला गाडी आयडलिंगवर असताना फोन थोडा नाचेल. त्याने बिघडत नाही, तिथे झटक्यांचा जोरच कमी असतो.

एक गोष्ट हमखास चुकते. बुशमधून जाणारा बोल्ट पाळण्याच्या भोकाला टेकतो, किंवा चार्जिंगची केबल हँडलपासून फोनपर्यंत ताणून बसवलेली असते. मग सगळं कंपन त्या वाटेने थेट फोनपर्यंत जातं आणि रबर नुसतं शोभेला उरतं. केबलला सैल वळसा द्या.

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका कारखान्यासाठी बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टवर टॅबलेटचे डॉक बनवून दिले. महिन्याभरात स्क्रू सैल होतात, चार्जिंग तुटतं, दोन टॅबलेटच्या कडांना तडे गेले. (वाचक, भोसरी)

उत्तर : इथे त्रास इंजिनाचा नाही, धक्क्यांचा आहे. भरीव टायर, सस्पेन्शन नावापुरतं, आणि फरशीचा प्रत्येक सांधा थेट डॉकवर येतो. म्हणून वरच्या उत्तरातले मऊ बुश इथे जसेच्या तसे लावू नका. ते पूर्ण दबून आपटतील. मधल्या कडकपणाचे बुश घ्या आणि दोन्ही बाजूंना ३ ते ४ मिमीवर रबरी थांबे द्या.

तडे जाण्याचं कारण बहुतेक पाळण्यातली फट. ५० हर्ट्झला फक्त ०.१ मिमी हालचाल झाली तरी तिचा झटका १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका होतो. त्यापुढे टॅबलेट पाळण्याच्या खालच्या ओठावरून (कडेवरून) उचलला जातो आणि परत आपटतो. फट अर्धा मिमीची का असेना, दिवसभर हातोडीच चालू. टॅबलेट पाळण्यात पक्का बसला पाहिजे. मऊपणा द्यायचा तो पाळणा आणि फोर्कलिफ्ट यांच्या मध्ये. या दोन जागांची अदलाबदल झाली की डॉक फसला म्हणून समजा. चारी बाजूंनी २ मिमीचा बंद छिद्रांचा ईपीडीएम रबराचा फोम लावा आणि तो पाव भाग दाबला जाईल असं माप ठेवा. निव्वळ घर्षणाच्या भरवशावर राहू नका : ८०० ग्रॅमचा टॅबलेट ५ जीच्या धक्क्याला ४ किलोच्या वजनासारखा ओढतो. चारही कोपऱ्यांना ओठ आणि वर कुलूप हवंच.

स्क्रू बहुतेक वेळा आडव्या सरकण्यामुळे फिरून सैल होतात. स्प्रिंग वॉशरने ते थांबत नाही. धातूत एम५चे ॲलन बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) किंवा मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आट्यांत लावायचा गोंद), आणि ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणं पुरे. उघडलेला नायलॉक पुन्हा वापरू नका. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसच्या पाळण्याजवळ थ्रेडलॉकर नेऊच नका, त्याने प्लास्टिक तडकतं. तिथे पितळी इन्सर्ट (आटे असलेली नळी) बसवून त्यात बोल्ट घ्या.

चार्जिंगचं म्हणाल तर प्लग सॉकेटमध्ये सूक्ष्म घासत राहतो, वरचा मुलामा जातो आणि खाली ऑक्साइड धरतं. केबल प्लगपासून ३० ते ४० मिमीवर पाळण्यालाच क्लिपने बांधा म्हणजे प्लग आणि टॅबलेट एकत्र हलतील. बॅटरी ४८ व्होल्टची असेल तर कारचा १२/२४ व्होल्टचा चार्जर जळणारच. ४८ व्होल्ट चालणारा आयसोलेटेड (आतली आणि बाहेरची वीजजोडणी वेगळी ठेवणारा) कन्व्हर्टर घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवा.

प्रश्न : स्कूटरला लांब वाकणारी दांडी असलेला होल्डर चालेल का? (वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : नको. दांडीची लांबी दुप्पट केली की ती आठपट लवचीक होते आणि फोन डोलायला लागतो. जितकं आखूड तितकं बरं.

प्रश्न : शेकर टेबल (कंपन देणारं चाचणीचं टेबल) नसताना डॉक तपासायचा कसा? (वाचक, कोथरूड)

उत्तर : फोनमधलाच ॲक्सिलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) वापरा. फिफॉक्स हे ॲप मोफत आहे. फोन डॉकमध्ये ठेवा, पाळण्याला बोटाने हलकी टिचकी मारा आणि आलेखावर एका सेकंदातली आंदोलनं मोजा. तीच डॉकची वारंवारिता. नंतर गाडी निरनिराळ्या आरपीएमला चालू ठेवून एकदा क्लॅम्पला घट्ट बांधलेला फोन आणि एकदा पाळण्यातला फोन अशी तुलना करा. सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही, उलट खोट्या कमी वारंवारिता दिसतात. म्हणून ३००० आरपीएमच्या पुढच्या आकड्यांवर विसंबू नका. माल ग्राहकाला विकायचा असेल तर आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकांतल्या ६००६८-२-६ (एकेका वारंवारितेचं कंपन) आणि ६००६८-२-६४ (अनियमित कंपन) या चाचण्या प्रयोगशाळेतून करून घ्या. वाहनांसाठी अशा चाचण्या पुण्यातच, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत होतात. नमुना पाठवताना त्यात टॅबलेटच्याच वजनाचा लोखंडी ठोकळा ठेवू नका, खरा टॅबलेट आणि जोडलेली केबल ठेवा. चाचणी चालू असताना चार्जिंग तुटतंय का, तेही पाहायला सांगा.