हाडांचंच शिकायचं, तर मेडिकल का नाही?

सांगलीहून एका वडिलांनी लिहिलंय : "मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हाडं-सांध्यांच्या बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. हाडांचंच शिकायचं होतं, तर मेडिकलला का नाही गेली? आणि तिशीपर्यंत शिकून हाती काय लागणार?"

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीरावर येणाऱ्या भाराचं, ताणाचं शास्त्र.

कुणाची मांडी मोडली की सर्जन आत रॉड किंवा प्लेट टाकतात. स्टील हाडापेक्षा साधारण दहापट ताठ असतं. सगळा भार त्यानेच उचलला, तर शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जातं. मग धातू कोणता घ्यायचा, प्लेट किती जाड ठेवायची, स्क्रू कुठे मारायचे? हे गणित तुमची मुलगी आज शिकते आहे त्या 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मधलंच, म्हणजे कुठली वस्तू किती भार सोसते या विषयातलंच आहे. चालताना खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीडशे किलो. शिवाय आपली माणसं मांडी घालून जेवतात, शेतात उकिडवी बसतात. तेव्हा गुडघा खुर्चीवर बसण्यापेक्षा कितीतरी जास्त वाकतो. त्यासाठीचा कृत्रिम सांधा कसा असावा, यावर आपल्याकडे काम व्हायलाच हवं.

आता वेळ आणि पैसा. या वाटेला वेळ लागतो, हे मी लपवत नाही. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एमटेक, मग पाचेक वर्षं पीएचडी. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, पण मेकॅनिकलच्या पेपरवरही पुढे जाता येतं. आयआयटी मुंबई, आयआयटी खरगपूर, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था, ही नावं तिने पाहावीत. पीएचडीत घरून पैसे घालावे लागत नाहीत. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे संशोधकाला मिळणारी शिष्यवृत्ती, महिना ३७ हजार आहे. पुढचा, प्राध्यापक होण्याचा टप्पा मात्र कठीण. आयआयटीत पीएचडीनंतर तीनेक वर्षांचा अनुभव मागतात आणि जागा मोजक्याच निघतात. नाही जमलं, तर इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांत हेच ज्ञान कामी येतं.

तिचा कस मात्र आत्ताच लागू द्या. मी एका प्रयोगशाळेत पाहिलंय : प्लॅस्टिकच्या हाडावर प्लेट बसवलेली, मशीन त्यावर हजारो वेळा भार देतंय आणि संशोधक मुलगी दिवसभर शेजारी वही घेऊन बसलेली. संध्याकाळी स्क्रू सैल झाला आणि तिने पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. यात जीव रमतो का, हे मार्कांवरून कळत नाही. एखाद्या प्राध्यापकांचा शोधनिबंध नीट वाचून, त्यातली एक शंका विचारत तिने त्यांना ईमेल करावा आणि उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप मागावी. पहिल्या दहा ईमेलना उत्तर आलं नाही, तरी अकरावा पाठवायचा.

शिकवण्याचंही तसंच. कॉलेजातल्या खालच्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून एकदा बेंडिंग मोमेंट (भाराने वस्तू वाकण्याचं गणित) समजावून द्यायला तिला सांगा. लग्नाचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटी काढलाय. तो ती इंटर्नशिपहून परत येईपर्यंत तरी घरात काढू नका, एवढी विनंती.