कमी खर्चात चित्रं फ्रेम कशी करावीत आणि घरात कशी लावावीत?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा चित्रं गुंडाळ्या करून कपाटात पडून आहेत. बरेचसे प्रिंट, दोन जलरंगातली, एक भरतकाम. सगळी फ्रेम करून घ्यायला झेपत नाही, आणि घर भाड्याचं असल्यामुळे भिंतीला भोकं पाडायचीही चोरी. मी स्वतः रंगवते आणि गेली बरीच वर्षं माझी आणि मैत्रिणींची चित्रं घरीच फ्रेम करते. माझं म्हणणं एवढंच, की हात आखडता घ्यायचा तर बाहेरच्या पट्टीवर घ्या, आत कागदाला जे जे लागतं त्यावर घेऊ नका.

हे मी वडिलांच्या एका चित्रावरून शिकले. त्यांनी काढलेलं नदीकाठचं जलरंगातलं चित्र, फ्रेमला सुंदर कोरीव पट्टी, पण काच थेट कागदावर टेकलेली. वीसेक वर्षांनी फ्रेम बदलायला घेतली. काच हळूच उचलली, तर आकाशाचा निळा पापुद्रा काचेबरोबरच वर आला. जलरंगात डिंक असतो. दमट हवेत काचेच्या आतल्या बाजूला ओल धरते, डिंक मऊ पडतो आणि कागद काचेला चिकटतो. मध्ये दीड मिलिमीटर जाडीचा माउंट असता तर ते आकाश आज जागेवर असतं. माउंट म्हणजे चित्राभोवती दिसणारी पांढरी कार्डाची चौकट. तो शोभेसाठी असतो असं बहुतेकांना वाटतं, पण त्याचं खरं काम कागद आणि काच यांच्यात हवेला जागा ठेवणं हे आहे.

माउंटबोर्ड ॲसिड-फ्री बघूनच घ्या. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत चित्राच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, ती सहजी जात नाही. प्रिंट पुन्हा काढता येतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत थोडं चालवून घेता येईल. पण हाताने काढलेल्या दोन चित्रांत अजिबात तडजोड नको. चित्राच्या मागे लागणारा बोर्डही तसाच हवा.

आता खर्च वाचतो कुठे, तर मापात. बेतून फ्रेम करून घेणं महाग पडतं, कारण प्रत्येक पट्टी वेगळी कापावी लागते. त्याऐवजी ठरावीक मापाची तयार फ्रेम घ्या आणि माउंट मात्र चित्राच्या मापाने कापा. ए-४ चित्र ए-३ फ्रेममध्ये फार छान बसतं. ए-३ म्हणजे २९.७ बाय ४२ सेंमी, ए-४ म्हणजे २१ बाय २९.७. माउंटची खिडकी चित्रापेक्षा जराशी लहान ठेवायची, म्हणजे कडा आत दबून राहतात. समजा २० बाय २८.७ ठेवली, तर दोन्ही बाजूंना ४.८५ सेंमी उरतात आणि वर-खाली मिळून १३.३. ते अर्धे-अर्धे करू नका. वर ६ ठेवा, खाली ७.३. अगदी समसमान ठेवलं की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.

खिडकी कापताना घाई नको. बोर्डच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आखा, खाली टाकाऊ पुठ्ठा ठेवा, स्टीलची पट्टी घट्ट दाबून धरा आणि कटरमध्ये नवं पातं घाला. एका झटक्यात कापायला जाऊ नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून फिरवा. कोपऱ्यात पातं रेषेच्या पुढे गेलं की तो काप समोरून दिसतो, म्हणून कोपऱ्याच्या किंचित अलीकडे थांबा आणि शेवटचा धागा वेगळा सोडवा. पहिला बोर्ड बहुतेक वाया जाईल, तेव्हा एक जास्तीचा आणून ठेवा.

चित्र माउंटला चिकटवताना सेलोटेप कधीही वापरू नका. तो पिवळा पडतो आणि त्याचा चिकटपणा कागदात मुरतो. फ्रेमिंगसाठीचा ॲसिड-फ्री कागदी टेप मिळतो, त्याचे दोन छोटे तुकडे फक्त वरच्या कडेला लावा. बाकी तीन बाजू मोकळ्या. हवा दमट झाली की कागद पसरतो, कोरडी झाली की आकसतो. चारी बाजूंनी जखडलात तर त्याला लाटा येतात.

वापरलेल्या फ्रेम मिळाल्या तर जरूर घ्या. सात तऱ्हेच्या सात फ्रेम घासून एकाच रंगात रंगवल्या की त्या एकत्र घेतल्यासारख्या दिसतात. घेण्याआधी उलटी करून बघा. लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे, ती घरात आणू नका. जुनी काच खरचटलेली असेल तर ॲक्रिलिकची शीट टाका. हलकी असते, सहजी फुटत नाही. फक्त अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसू नका, ती धुरकट होते. आणि कोळशाचं किंवा पेस्टलचं चित्र तिच्याखाली नको, कारण घासल्यावर तिच्यात स्थिर विद्युत तयार होते आणि ती रंगाची पूड ओढून घेते. तिथे काचच बरी.

सगळ्याच चित्रांना फ्रेम लागतेही असं नाही. प्रिंटसाठी वर आणि खाली दोन-दोन लाकडी पट्ट्या, मध्ये कागद, आत चुंबक, वर सुतळी, झालं. नुसते कागदाचे चिमटे आणि बारीक दोरी हेही छान दिसतं, फक्त चिमट्याखाली कागदाची घडी ठेवा, नाहीतर कडेला खाच पडते. मला सगळ्यांत आवडतो तो चित्रांसाठीचा अरुंद फळीचा कट्टा, पुढे छोटी कड असलेला. एका फळीला दोन-तीन स्क्रू, आणि त्यावर पाच-सहा चित्रं टेकवून ठेवता येतात, एकमेकांवर चढवूनसुद्धा. भाड्याच्या घराला याच्यासारखं दुसरं काही नाही. चित्रं महिन्याला बदला, नवीन भोक पडत नाही. चिकटपट्ट्यांवर हलक्या फ्रेम टिकतात, पण आधी भिंत पुसून कोरडी करा, पाकिटावर दिलेली वजनाची मर्यादा पाळा, आणि पलंगाच्या डोक्यावर त्या भरवशावर काही लावू नका.

उंचीबद्दल: चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर आला पाहिजे. घरोघरी चित्रं फार वर लावलेली असतात. सोफ्याच्या वर लावायचं असेल तर पाठीपासून १५-२० सेंमी अंतर पुरे. अनेक फ्रेमचा गट करायचा असेल तर प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीला लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. जाता-येता खटकेल ते सरकवा, मगच खिळा. खिळे एकाऐवजी दोन मारलेत तर फ्रेम तिरकी होत नाही. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून फेल्टच्या टिकल्या लावा, म्हणजे मागे हवा खेळती राहते.

जलरंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. उडालेला रंग परत येत नाही.

आणखी प्रिंट हवे असतील तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइटमुक्त कलाकृतींचे मोठे फोटो मोफत खुले केलेत, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचेही आहेत. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्राचा मूळ छाप साधारण २५ बाय ३७ सेंमीचाच आहे, म्हणजे ए-३ कागदावर तो खऱ्या मापात मावतो आणि भोवती पांढरी कडही सुटते. ए-३ नीट छापायला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची फाइल हवी, त्याहून फार लहान असेल तर कागद लहान घ्या.

भरतकाम मात्र काचेखाली दाबू नका, टाके चपटे होतात. ॲसिड-फ्री बोर्डवर कापड ताणा, कडा मागे दुमडा आणि मागच्या बाजूने जाड दोऱ्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी ओढून घ्या, आधी आडवं, मग उभं. गोंद लागत नाही, आणि उद्या धुवावंसं वाटलं तर दोरा कापला की कापड मोकळं. या सगळ्याआधी कपाटातल्या गुंडाळ्या सोडवा, स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेवा. आठवडाभराने सपाट झाली की एकेकाचं माप घ्या आणि मगच फ्रेम बघायला बाहेर पडा.