परत देऊ का?

"मॅडम, भांडण नवऱ्याशी नाही, कुत्र्यावरनं आहे," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. घरातले तंटे घेऊन लोक माझ्याकडं सल्ल्याला येतात, म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं. जून संपत आला होता, दाराबाहेर ठेवलेल्या तिच्या छत्रीखाली ओघळ धरला होता. बेळगावच्या वडगावातलं विणकराचं घर. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, सासूबाई, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्यानं चिकोडीकडच्या एका मळ्यातून मुधोळ या शिकारी जातीची कुत्री आणली होती. उसाच्या कडेला, गोठ्यामागं, हातभर साखळीला बांधलेली. पळेनाशी झाली म्हणून मालकाला नकोशी. साखळी रुतून गळ्याला जखम, कानांत गोचिडांचे घोस. 2005 साली टपाल खात्यानं ज्या जातीचं तिकीट काढलं, तिचीच ही.

"आणून उपयोग काय? नुसतं खड्ड्यात बसून ऱ्हाउलंय. हात लावायला गेलं की गुरगुरतंय. मुलांनी नाव काशी ठेवलंय, हाक मारून घसा बसला त्यांचा. माझं काय चुकलं काय? परत देऊ का?"

खड्डा म्हणजे मागाचा. जुना हातमाग कधीच मोडला, पण विणकर ज्यात पाय सोडून बसायचा तो खड्डा मागच्या खोलीत तसाच राहिला होता. काशीनं पहिल्याच रात्री तो गाठला.

"परत देऊ का" हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. मायेनं प्राणी आणायचा, त्यानं शेपूट हलवली नाही की झोप उडायची, आणि मग आपल्याच मनाची लाज वाटायची. पण त्या दिवशी मी घाई केली. घरातल्या तंट्यांत जे सांगते तेच सांगून मोकळी झाले: तिला खड्ड्यातून काढा, सगळ्यांत बसवा, सवय होईल.

चौथ्या दिवशी फोन. काशीला ओढून पुढच्या खोलीत आणली होती. ती खात असताना सासूबाईंनी ताटली सरकवली आणि दात हाताला लागले. रक्त आलं.

"काय लावलंत?"

"तिखट लावलंय आजींनी."

तिखट धुवा म्हटलं, साबण लावून, वाहत्या नळाखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. काशीला आधी रेबीजची लस दिल्याची कुठं नोंद नव्हती आणि रक्त आलेलं, म्हणून जखमेत रेबीजविरोधी सीरम आणि कातडीत लस, पहिली त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. सासूबाईंनी एकही चुकवली नाही. मला मात्र त्या आठवड्यात नीट जेवण गेलं नाही.

मग मी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं आणि शिव्या खाल्ल्या. रास्तच होत्या. त्यांनी काशीला तपासलं, गोचिडतापासाठी रक्त घेतलं, जंताचं औषध दिलं, गळपट्टा काढून छातीचा पट्टा घालायला लावला. उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर घालू नका, दिवसातनं चारदा थोडं थोडं द्या, म्हणाले. भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन. आमटी नको, त्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला विष. आणि मला म्हणाले, "गुरगुरणं ही नोटीस असते. नोटीस फाडून टाकलीत तर पुढच्या खेपेला थेट जप्ती येते."

त्यानंतर आमचं खरं काम सुरू झालं, आणि ते कुत्रीपेक्षा माणसांवरच होतं. खड्ड्यातून कुणी ओढायचं नाही. त्यात जुनी गोधडी टाकायची. ताटली ठेवायची, तिच्याकडं तोंड न करता आडवं वळून बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही. तिनं जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली तर ती आळसावलेली नाही, घाबरलेली आहे, उठून जायचं. मुलांनी मोठ्या माणसाशिवाय त्या खोलीत जायचं नाही. आणि घरात "हाड" हा शब्द बंद. हे सासूबाईंना सगळ्यात अवघड गेलं, कारण दारातल्या कोंबडीलाही त्या "हाड"च म्हणायच्या. काशी त्या शब्दाला जमिनीशी सपाट व्हायची.

एकदा मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, तुम्ही नवी नवरी म्हणून खानापूरकडनं या घरात आलात तेव्हा पहिले महिने कसे गेले, आठवतंय का? ती म्हणाली, "मॅडम, मला कुणी साखळीला बांधलं नव्हतं. आणि मी चावले नव्हते. रात्री ती रडती, मुलं झोपत नाहीत, त्याचं सांगा." मी गप्प बसले आणि त्याचं सांगितलं: संध्याकाळी उशिरा बाहेर फिरवून आणा, रात्री नवऱ्यानं मागच्या खोलीत झोपावं, आणि तिच्याशी बोलत बसू नये.

कुत्री पाळणारे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: आधी भेदरणं, मग घराची लय कळणं, मग आपलं घर वाटणं. वर्षानुवर्षं साखळीला असलेल्याला जास्तही लागतं. मी त्या बाईला गणपतीपर्यंतची मुदत दिली. तोवर परत द्यायची गोष्ट काढायची नाही; त्यानंतर काढली तर मी पाप म्हणणार नाही. लहान मुलांच्या घरात चावा पुन्हा पुन्हा होत असेल तर मुदतीची वाट न बघता, समजून घेणारं दुसरं घर शोधणं हेच बरं. पण त्याच मळ्यात, त्याच साखळीला नाही.

ती कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी नोंदी करायची. "अर्धं खाल्लं." "सगळं खाल्लं." "दारापर्यंत." मग बरेच दिवस कोरे. आणि एका चौकोनात: "कानडी."

झालं असं की शेजारच्या अक्का परड्यातून आल्या आणि सहज म्हणाल्या, "बा इल्ली." काशीनं कान टवकारले, खड्ड्यातून उठली आणि दोन पावलं पुढं आली. पहिला मालक कानडी बोलणारा असणार. घरात सगळे मराठी, हाका सगळ्या मराठी! सीमाप्रश्न शेवटी खड्ड्यातल्या कुत्रीपर्यंत पोचला, म्हणून नवरा हसला. त्या दिवसापासून सासूबाई तिला कानडीत बोलावतात, आणि मराठीत रागावतात.

गणपतीत गल्लीतून डॉल्बी गेला तेव्हा काशी परत खड्ड्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. मला वाटलं, आता तो प्रश्न येणार. बाई आली ती वेगळीच तक्रार घेऊन. दिवाळीआधी मागच्या खोलीत फरशी घालायची होती, नवऱ्यानं खड्डा भरायला वाळू आणून टाकली होती.

"मी म्हटलं, तेवढा चौकोन सोडून फरशी घाला," ती म्हणाली. "गवंडी हसतोय. हसू दे."