सारखे क्लब बदलणारा फॉरवर्ड म्हणजे वाया गेलेलं करिअर का?

तुम्ही विचारलंय, फुटबॉलमधला बार्थोलोम्यू ओग्बेचे एवढा चांगला स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा फॉरवर्ड होता तर एकाही क्लबनं त्याला धरून का ठेवलं नाही, आणि असे सारखे क्लब बदलणारे खेळाडू नुसते पैशामागं पळतात का. दुसरा भाग वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी ओग्बेचे. १७ व्या वर्षी नायजेरियाकडून २००२ चा विश्वचषक खेळलेला, पॅरिस सेंट जर्मेनमध्ये तयार झालेला पोरगा. पुढं आखात, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असं फिरून २०१८ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) नॉर्थईस्ट युनायटेडकडं आला आणि १२ गोल केले. तिथले कोच शॅटोरी केरळ ब्लास्टर्सला गेले, त्यांच्यापाठोपाठ हाही गेला, तिथं १५ गोल. मग मुंबई सिटी, मग हैदराबाद. २०२१-२२ ला ३७ व्या वर्षी १८ गोल मारून सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट घेतला. आयएसएलमध्ये एकूण ६३ गोल, आणि लागोपाठ दोन वर्षं दोन वेगळ्या क्लबकडून विजेतेपद. ह्याला वाया जाणं म्हणत असाल तर आपलं जमायचं नाही.

आता पैशामागं पळण्याचं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं संघ पेठेचा असतो, जर्सीचा रंग घराण्यातून येतो. माझे काका आयुष्यभर आमच्या पेठेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू होते. मी फॉरवर्ड. सिनिअरमध्ये आलो आणि नेमकं त्याच वेळी संघानं बाहेरून एक फॉरवर्ड मानधनावर आणला. तो खेळणार, मी बाकावर. सराव सगळा करायचा, सामन्याच्या दिवशी शेवटची पाच मिनिटं मिळाली तर मिळाली. दुसरा हंगामही तसाच निघाला, तेव्हा दुसऱ्या पेठेच्या संघानं विचारलं आणि मी नोंदणीच्या वेळी त्यांच्याकडं सही केली. पैसे म्हणाल तर बुटाचा खर्च निघाला एवढंच.

काका म्हणाले, "जायचं असंल तर जा, पण त्यांची जर्सी ह्या घरात दिसाय नको." आई ती जर्सी धुऊन माडीच्या मागच्या अंगाला वाळत घालायची, वरून टॉवेल टाकून. बोळातनं जाणाऱ्याला रंग दिसू नये म्हणून. मित्रांनी हाक मारणं सोडलं. दुकानात गेलो तरी "पक्ष बदलला न्हवं?" ठरलेलं.

त्या हंगामात शाहू स्टेडियमवर गाठ पडली ती आमच्याच पेठेशी. गॅलरीत हलगी चालू, आणि माझ्या पायात चेंडू आला की शिव्या. ज्यांच्या घरी मी जेवलोय त्यांच्या शिव्या. समोरचा स्टॉपर म्हणजे लहानपणापासून माझ्याबरोबर सराव केलेला गडी. कॉर्नर पडला की तो चेंडू उडायच्या आधीच पहिल्या खांबाकडं एक पाऊल टाकतो, हे मला पाठ होतं. डावीकडनं कॉर्नर आला, त्यानं पाऊल टाकलं, मी मागं थांबलो. हेड सरळ जाळीत. मी उडी मारली नाही, हात वर केला नाही, मधल्या रेषेकडं चालत गेलो. काका सामना संपायच्या आधीच उठून गेले. पुढं बरेच दिवस बोलले नाहीत.

काकांची निष्ठा खरी होती, त्यात वाद नाही. पण त्यांना एकदाही कुणी बाहेर बसवलं नव्हतं. ज्याला दर सामन्याला पहिल्या अकरात जागा ठरलेली, त्यानं बाकावरच्या पोराला निष्ठा शिकवू नये. आणि स्टॉपरचं नि फॉरवर्डचं सारखं नसतं. संघ हरला की आधी फॉरवर्ड बदलतात, बाहेरचा खेळाडू आणायचा म्हटलं की आधी फॉरवर्डच आणतात. आयएसएलमध्येही नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, बहुतेक परदेशीच दिसतो; आपली पोरं एक तर विंगवर जातात, नाही तर बाकावर. आयएसएलच्या २०२१ च्या अंतिम सामन्यात, गोव्यात फातोर्ड्याला, मुंबई सिटीकडून खेळणारा ओग्बेचेही आधी बाहेरच होता. सुरुवात इंग्लंडचा फॉरवर्ड ल फॉन्ड्रेनं केली, आणि तो गडी तर रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग, सिडनी करत मुंबईला पोचलेला. ओग्बेचे नंतर आत आला आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगला गोल करून दिला. त्या गोलवर मुंबई २-१ नं जिंकली. त्या रात्री ओग्बेचेचे आधीचे क्लब किती झाले, असं मुंबईत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी नंतर पुण्यात खेळलो, मुंबईत एका ऑफिसच्या संघात कंत्राटावर होतो, थोडा गोव्यातही. नाव झालं नाही. पण दर हंगामात खेळलो, आणि गोल केले.

एवढं लिहून झाल्यावर सांगतो, प्रत्येक बदल चांगलाच असतो असं नाही. एजंटाला कमिशन मिळतं म्हणून जागा बदलणारी पोरंही मी बघितलीत. ती गुडघा गेला की उघडी पडतात, कारण करार एका हंगामाचा आणि दुखापतीचा खर्च कुणी लिहूनच दिलेला नसतो. तुमच्या घरात कुणी फॉरवर्ड असेल तर सही करायच्या आधी त्याला कोचला दोनच गोष्टी विचारायला सांगा: नऊ नंबरवर सध्या कोण आहे, आणि दुखापत झाली तर औषधपाणी कोण बघणार. गोलमाल उत्तर आलं तर सही करू नये. आणि घरातलं कुणी निष्ठेवर बोलायला लागलं, तर त्यांच्या काळात त्यांना किती सामने बाहेर बसवलं होतं, तेही विचारा. मी काकांना हे तोंडावर विचारलंय आणि परत विचारीन.